पुलापलीकडचा परदेश

सोलापूर–धुळे हमरस्त्यावर गोदावरीच्या काठी आमचं शहागड. पुलाच्या अलीकडे जालना जिल्हा, अंबड तालुका. पलीकडे बीड जिल्हा, गेवराई तालुका. एरवी हा भेद तलाठ्याला आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्यालाच ठाऊक. सोयरिकी दोन्ही काठांवर, उधारीही दोन्ही काठांवर. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी लागली, जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या आणि गेवराई एका रात्रीत परदेशात गेली. तिकडं जायचं तर ई-पास. कारण लिहा, फोटो जोडा, डॉक्टरचा दाखला जोडा. लेक डोळ्यांसमोरच्या काठावर नांदत असली, तरी ‘तिच्या हातचं खावंसं वाटतंय’ हे कारण त्या अर्जात बसत नव्हतं.

पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना तर गावात येऊनही गावात शिरता येईना. गावोगाव त्यांचा मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत पडला, चौदा दिवस. लहानपणी ज्या शाळेच्या मागच्या भिंतीवरून उड्या मारून पळाले, तिथंच रात्रंदिवस बसायची पाळी आली. परदेशातून आलेल्यांच्या हातावर शिक्का, तोही मतदानाच्या न पुसणाऱ्या शाईचा. मत न देता शाई लागण्याची सोय लोकशाहीत प्रथमच झाली असावी.

अशा दिवसांत आमच्या भावकीतल्या एका पोराला इंग्लंडात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. साल २०२१. त्या एप्रिलात इंग्लंडने भारताला प्रवासबंदीच्या लाल यादीत टाकलं आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रात जिल्हाबंदी पुन्हा आली. म्हणजे लंडन बंद आणि गेवराईही बंद. पोराच्या आजीला त्यातही समाधान. म्हणाली, “बरं झालं. सगळ्यांना सारखाच न्याय.”

ऑगस्टात इंग्लंडने आपल्याला लाल यादीतून काढून पिवळ्या यादीत घातलं. मग कागदं जमवायची धावपळ. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर. पण परदेशी शिकायला जाणाऱ्यांना जूनमध्ये सवलत मिळाली होती, २८ दिवसांनंतर दुसरा डोस. त्यासाठी प्रवेशपत्र दाखवायचं, लसीच्या प्रमाणपत्राला पासपोर्टचा नंबर जोडून घ्यायचा. व्हिसासाठी छातीचा एक्स-रे वेगळा, कारण क्षयाची भीती इंग्रजांना करोनाच्या आधीपासूनची. निघण्याआधी तीन दिवसांच्या आतली तपासणी, पोचल्यावर दुसऱ्या दिवशी एक, आठव्या दिवशी आणखी एक. एके काळी समुद्र ओलांडला की जात बाटायची आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. आता प्रायश्चित्त निघायच्या आधीच, आणि तेही नाकात काडी घालून.

शुद्धीचे कागद आमच्या नदीला नवीन नाहीत. शहागडच्या वरच्या अंगाला पैठण. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं शुद्धिपत्रासाठी तिथंच गेली होती. परंपरा सांगते, की रेड्याच्या तोंडून वेद वदवले तेव्हा कुठं तिथल्या शास्त्र्यांचं समाधान झालं. २०२१ च्या सप्टेंबरात लंडनच्या शास्त्र्यांनी पैठणलाही मागं टाकलं. कोविशील्ड मूळची त्यांच्याच ऑक्सफर्डची, बनवली आपल्या पुण्यात सीरमने. २२ सप्टेंबरला त्यांनी जाहीर केलं, की लस मान्य. पण भारताचं प्रमाणपत्र अजून मान्य नाही! रेडा शुद्ध, वेद शुद्ध, फक्त पावतीवर भरवसा नाही.

पोरगा सप्टेंबरच्या शेवटी गेला. दोन मास्क, वर चेहऱ्यावर प्लॅस्टिकचा पडदा, खिशात ओवा-कापराची पुरचुंडी, बॅगेत शेंगदाण्याची चटणी. आईनं औक्षण केलं, तेही हातभर लांबून. पोचल्यावर दहा दिवस एका खोलीत. हे ऐकून आजीनं बोटं मोजली. “दहा? मग सुतकच की ते. पाळावं लागतं बाबा.” आम्ही विलगीकरण, विषाणू, हवेतले थेंब असं बरंच समजावलं होतं, त्यातलं काही तिला पटलं नव्हतं. सुतक पटलं. पुढं रोज फोनवर तीच त्याला बजावायची, “खोली सोडू नको.” सरकारी पत्रकं लिहिणाऱ्यांनी एखादी आजी नेमायला हरकत नव्हती.

भारतानेही उट्टं काढलं. ४ ऑक्टोबरपासून इंग्लंडहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांनाही दहा दिवसांचं विलगीकरण. गावात चहाच्या टपरीवर याचा आनंद एवढा, की जणू सगळे गोरे शहागडच्या शाळेतच उतरणार होते. अखेर ७ तारखेला इंग्लंड नमलं. ११ ऑक्टोबरपासून कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयांना विलगीकरण नाही. आमच्या पोराचे दहा दिवस तोवर खोलीत भोगून संपत आले होते. दसरा १५ ऑक्टोबरला होता. त्याचं सीमोल्लंघन आधीच झालं होतं, आम्ही मात्र आपट्याची पानं घेऊन पुलापलीकडं सुखानं जाऊन आलो, ई-पासशिवाय.

या सगळ्या भांडणात एक मुद्दा जन्मतारखेचा होता. आपल्या प्रमाणपत्रावर नुसतं वय असायचं, म्हणून परदेशी जाणाऱ्यांसाठी लसीकरणाच्या को-विन पोर्टलने त्यावर पूर्ण जन्मतारीख छापायची सोय केली. वर्ष, महिना, दिवस. ही बातमी वाचून आमच्या पिढीच्या पोटात गोळा आला. आमच्याकडे निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बापाला तारीख विचारली, बाप म्हणाला, “त्या साली पाऊस लई होता,” आणि गुरुजींनी १ जून मांडून टाकला. उद्या आम्ही निघालो आणि तिकडच्या साहेबानं विचारलं, की तुमच्या विमानात एवढे लोक एकाच दिवशी कसे जन्मले, तर काय सांगायचं? तेव्हा घरात लहान लेकरू असेल, तर शाळेत नाव घालताना जन्मतारीख तेवढी खरी लावा.