दात लागला

आमच्या सोसायटीत ‘चिकूचे बाबा’ म्हणून जे गृहस्थ ओळखले जातात त्यांचं खरं नाव खाली लेटरबॉक्सवर लिहिलेलं आहे. सहा वर्षांत ते वापरायची वेळ माझ्यावर आली नाही. मेंटेनन्सच्या पावतीवरसुद्धा वॉचमन पेन्सिलीने ‘चिकूवाले’ असं लिहून ठेवतो. चिकू म्हणजे त्यांचा कुत्रा. हा शब्द मी इथे लिहू शकतो, त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. “कुत्रा काय म्हणता हो? नाव आहे ना त्याला,” असं ते दुखावल्या स्वरात म्हणतात आणि आपण कुणाच्या तरी मुलाला बिननावाने हाक मारल्यासारखं आपल्याला वाटायला लागतं.

माणूस अतिशय सज्जन. राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षं काढली. दिवसाच्या हिशोबात पन्नास पैशांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी न जाणारे म्हणून बँकेत प्रसिद्ध, आणि त्याबद्दल बायकोच्या शिव्या खाल्लेले. आजही भाजीवाल्याने चुकून दोन रुपये जास्त दिले तर परत द्यायला जिना उतरून जातील. फक्त चिकूच्या खात्यात त्यांना कधीच फरक सापडत नाही.

सकाळी सहा दहाला दोघे फिरायला निघतात. पट्टा असतो. पण तो बाबांच्या गळ्यात, उपरण्यासारखा. चिकू मोकळा. उजव्या खिशात बिस्किटं, डाव्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी. ती गुंडाळी मी गेल्या दिवाळीपासून बघतोय, अजून तेवढीच आहे. समोरून कुणी येताना दिसलं की चाळीस फुटांवरून बाबांची घोषणा होते, “काही करत नाही तोऽऽ!” हे वाक्य कानावर पडेपर्यंत चिकू माणसापर्यंत पोचलेला असतो.

पुढचं सगळं भाषांतर बाबा करतात. चिकू अंगावर धावून आला तर तो खेळतोय. छातीवर पाय ठेवून उभा राहिला तर ओळख करून घेतोय. गुरगुरला तर बोलतोय. एकदा त्याने वरचा ओठ मागे घेऊन मला पुढचे सगळे दात दाखवले, तेव्हा बाबा कौतुकाने म्हणाले, “बघा, तुम्हाला बघून हसला.” मग आपल्यालाच सूचना. पळू नका. हात वर करू नका. डोळ्यांत बघू नका. तुम्ही घाबरलात की त्याला कळतं. म्हणजे साठीतल्या माणसाने कसं वागावं याचं शिक्षण चालू, आणि ज्याला द्यायला हवं तो पायजम्याचा वास घेतोय.

चिकूला न आवडणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. छत्री, काठी, झाडू, गडगडत येणारा गॅसचा सिलिंडर, हेल्मेट, आणि मध्यंतरी काही दिवस माझं टक्कल. काही झालं की दोष त्या वस्तूचा. त्यामुळे आमच्या चौथ्या मजल्याचे रिवाज आपोआप ठरून गेले. पेपरवाला तिसऱ्या मजल्यावरून पेपर भिरकावतो. दूधवाला पिशवी जिन्याच्या कठड्याला अडकवतो. गॅसवाला आधी फोन करून “आत आहे का?” एवढंच विचारतो, कोण ते विचारावं लागत नाही. घरकामाच्या मावशी बांगड्या वाजवत येतात. या लोकांनी जुळवून घेतलं याला बाबा ‘चिकूची सगळ्यांशी मैत्री आहे’ असं म्हणतात.

पट्ट्याचा विषय मी एकदा काढला होता. त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं आणि देव्हाऱ्यातली दत्ताची तसबीर दाखवली. “चार आहेत. एकाच्या तरी गळ्यात पट्टा दिसतोय का?” नव्हता. दत्तगुरूंच्या दारात कुणी हेल्मेट घालून पार्सल आणत नसे, हे उत्तर मला जिना उतरल्यावर सुचलं. नामदेवांची गोष्टही त्यांच्याकडे तयार असते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटतो. आणि अध्यात्माने भागलं नाही तर कायदा. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय. सोसायटीला प्राणी पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तोंडाला जाळी लावायची सक्ती करता येत नाही, हे सगळं तिथे आहे आणि अगदी बरोबर आहे. सार्वजनिक जागेत पट्टा बांधा, असा सल्लाही त्याच परिपत्रकात आहे. पण पिवळ्या पेनाने रंगवलेल्या ओळींमध्ये तो नाही.

दारावर ‘कुत्र्यापासून सावध’ पाटी लावा, असं सेक्रेटरींनी तीनदा कळवलं. “सावध? चोर आहे का तो?” यापुढे ती चर्चा कधी गेली नाही.

आता त्या शनिवारचं सांगतो. त्यात मीही अगदी स्वच्छ नाही. आमच्या कुकरची रिंग सैल झाली होती, म्हणून मुलाने मोबाइलवरून नवी मागवली. एकशे चाळीस रुपये. पाऊस पडत होता. पार्सलवाल्याचा गेटवरून फोन आला, “काका, खाली येता का?” माझी बातम्यांची वेळ. मी म्हणालो, “वरच ये ना, लिफ्ट आहे.”

तो लिफ्टमधून बाहेर पडला आणि नेमके तेव्हाच चिकूचे बाबा कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडत होते. ओला रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, पाठीवर भलीमोठी काळी पिशवी. चिकूची अर्धी यादी एकाच माणसाच्या अंगावर होती.

मी दार उघडलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं. पोरगा भिंतीला टेकून उभा, पोटरीवर पँट फाटलेली, आणि चिकू बाबांच्या पायामागे बसून जांभई देतोय. बाबा पांढरेफटक पडले होते. तरी तोंडातून आलं ते सवयीचंच.

“काही नाही, काही नाही. चावला नाही तो. दात लागला.”

आणि मग पोराकडे वळून, “तू पळालास का?”

“नाही काका,” तो म्हणाला. “पळायचं नाही ठरवलेलंच आहे. हैदराबादला आमच्यातलाच एक जण अशाच कुत्र्याला घाबरून तिसऱ्या मजल्यावरून पडला. दोन हजार तेवीसच्या जानेवारीत. गेला तो. तेव्हापासून भिंत बघायची आणि उभं राहायचं.”

यावर कुणीच काही बोललं नाही. चिकूच्या आई आतून हळदीचा डबा घेऊन धावत आल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यातूनच तिखट भरायला सांगितलं. आमच्या हिने दोघींना बाजूला केलं, पोराला सरळ आमच्या न्हाणीघरात नेलं आणि नळाखाली पाय धरायला लावला. पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, बाकी काही लावायचं नाही, हे तिला शाळेतल्या नोकरीमुळे पाठ. मला घड्याळ धरून उभं केलं. पंधरा मिनिटं म्हणजे किती लांब असतात ते तेव्हा कळलं. पोटरीवर चार भोकं, दोन खोल. आधी पाणी लालसर, मग गुलाबी, मग साधं. कपड्यांच्या साबणाचा फेस घोट्यावरून घरंगळत मोरीत जात होता आणि दर दोन मिनिटांनी त्याचा मोबाइल केकाटत होता. “काकू, अजून तीन ऑर्डरी आहेत,” तो म्हणाला. “पाय हलवू नकोस,” ही म्हणाली.

चिकूचे बाबा दाराशी फाइल घेऊन उभे. चिकूची फाइल माझ्या हृदयाच्या फाइलीपेक्षा जाड आहे. “सगळी इंजेक्शनं झालेली आहेत त्याची, घाबरू नकोस तू.” हिने ओल्या हातानेच पानं उलटली. जंताचं औषध वेळेवर. नखं, केस, कान सगळं वेळेवर. वाढदिवसाचा फोटो दरवर्षीचा. रेबीजचा वार्षिक डोस मेमध्ये द्यायचा होता. आम्ही ऑगस्टात उभे होतो. पन्नास पैशांसाठी रात्री साडेआठपर्यंत बँकेत थांबणारा माणूस त्या रिकाम्या चौकोनाकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

महापालिकेच्या दवाखान्यात तेच त्याला स्कूटरवर घेऊन गेले, मी रिक्षाने मागोमाग. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, ही आमच्या पिढीच्या डोक्यातली भीती. ती जुनी लस बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आता दोन्ही दंडांवर बारीक टोचणी, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पण जखम खोल असेल तर जखमेच्या आत आणि कडेनेही एक औषध टोचतात, ते मात्र दुखतं. पोराने दात आवळले. बाबांनी डोळे मिटून माझा हात इतका घट्ट धरला की मला क्षणभर वाटलं, चावलाय तो यांनाच.

त्याआधी केसपेपरच्या खिडकीवर बाईंनी विचारलं होतं, “कुत्रा पाळीव की भटका?”

इतकी वर्षं ज्याला मुलगा म्हटलं त्याच्याबद्दल हा प्रश्न. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘भटका’ म्हटलं असतं तर तिथे कुणी तपासायला येणार नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होतो.

“आमचाच,” ते म्हणाले. आणि मग बाईंनी पेन उचलल्यावर, “कुत्राच आहे. पाळीव.”

दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा, काही बदल दिसला तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं. ते काम बाबांनी बँकेतल्या निष्ठेने केलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर रोज सकाळी सातला अहवाल. ‘दिवस ४. चिकू व्यवस्थित. भूक चांगली. रात्री शांत झोप.’ खाली नमस्काराचे हात, फुलं, ‘गेट वेल सून चिकू’. सहाव्या दिवशी आमच्या हिने खाली लिहिलं, ‘आणि ज्याला चावला तो?’ ग्रुपवर दुपारपर्यंत सन्नाटा. दुपारी बाबांचा मेसेज आला, ‘पाय सुजला आहे. तीन दिवस काम बंद. मी आत्ता भेटून आलो.’

भेटायला ते गेले होते पेठेतल्या अभ्यासिकेत. पोरगा मूळचा परभणीकडचा, दिवसा फौजदारकीच्या परीक्षेचा अभ्यास आणि संध्याकाळी पार्सलं. बाबांनी जाताना पाचशेची नोट घडी घालून नेली होती आणि बरोबर एक टाइप केलेला कागद, ‘माझी काही तक्रार नाही’ असा. बँकेची सवय, व्यवहार लेखी हवा. पुढचं त्यांनीच मला सांगितलं, आवाज खाली आणून.

पोराने कागद वाचला आणि नम्रपणे परत दिला. “काका, कलम दोनशे एक्क्याण्णव. भारतीय न्याय संहिता. पूर्वी दोनशे एकोणनव्वद होतं, दंड हजार रुपये. आता पाच हजार. सहा महिन्यांपर्यंत कैद तशीच आहे.” मुंबईतला एक खटलाही त्याने सांगितला. २०१० साली कुत्रा चावला, २०२३ मध्ये गिरगावच्या कोर्टाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा दिली. तेरा वर्षं. आमच्या चिकूला एवढं आयुष्य मिळालं तरी खूप.

“पण अरे, तो खरंच काही करत नाही,” बाबा म्हणाले म्हणे.

“तो नाही काका. तुम्ही काय केलं, ते विचारतंय कलम. पुरेशी काळजी घेतली का, एवढंच आहे त्यात. कुत्र्याला कोण विचारतंय?”

तक्रार त्याने केली नाही. त्याऐवजी वहीच्या पानावर हिशोब मांडला. पँट सातशे. बुडालेले दिवस, रोजचे सरासरी इतके. दवाखान्याचे रिक्षाभाडे. बेरीज बरोबर होती, ती बाबांनी दोनदा तपासली. मग वर एक रक्कम स्वतःहून लिहिली आणि पैसे दिले. मला सांगताना म्हणाले, “अक्षर फार सुरेख आहे हो मुलाचं.” तो टाइप केलेला कागद नंतर त्यांच्या कचऱ्याच्या बादलीत मी पाहिला. मीही माझ्या वाटचे म्हणून काही द्यायला हवं होतं. रिंग माझी होती, ‘वरच ये’ मी म्हणालो होतो. मी खिशात हात घातला, मग हिने घातला, आणि हिने घातलेला जास्त खोल गेला.

अठ्ठाविसाव्या दिवशीचं शेवटचं इंजेक्शन झाल्यावर पोरगा बाबांच्या स्कूटरवरून आमच्याकडे चहाला आला. चिकू आत, साखळीला. तो दारामागून बोलत होता, म्हणजे भुंकत होता. बाबांनी भाषांतर केलं नाही.

चिकूच्या गळ्यात आता पट्टा असतो. बाबा तो मनगटाला दोन वेढे देऊन धरतात, त्यामुळे फिरवतो कोण कुणाला हा प्रश्न उरतोच. आणि दारावर पाटी आली आहे. पुठ्ठ्यावर, स्वतःच्या हाताने, लेजरमधल्यासारख्या सरळ अक्षरांत. ‘चिकूपासून सावध. कृपया बेल वाजवून लिफ्टपाशी थांबावे. आम्ही बाहेर येतो.’

काल लिफ्टची वाट बघताना मी जवळ जाऊन नीट वाचली. अगदी खाली, कोपऱ्यात, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा बारीक अक्षरांत कंसात आणखी एक ओळ होती. ‘(तसा काही करत नाही.)’