नाव काढलंत, चिचुंद्रीबाई!

प्रति,
श्रीमती चिचुंद्रीबाई,
मूळ मुक्काम : हिंदुस्थान, मोरीशेजारी
हल्ली मुक्काम : मॉरिशस आणि भोवतालची बेटे

सा. न. वि. वि.

आपल्याकडचं कुणी परदेशात जाऊन नाव कमावलं की आम्ही त्याचा फोटो छापतो, गावात कमान उभारतो, सत्काराला शाल-नारळ आणतो. तुमच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. वास्तविक तुमचं कर्तृत्व असं, की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. धड दिसत नाही, अंगाला वास, आकार मुठीएवढा. तरी तुम्ही हिंदी महासागरातल्या एका अख्ख्या बेटावरून सापसुरळीची एक जात दीडेक वर्षात साफ केलीत. म्हटलं, शाल नाही तर निदान जाहीर पत्र तरी.

मॉरिशसला गेलं की पहिल्या दिवसापासून डोडो भेटतो. कपावर डोडो, टोपीवर डोडो, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर डोडो. त्याची गोष्टही ठरलेली : डच खलाशी आले, डोडो भोळा, त्यांनी तो मारून खाल्ला, संपला. डच १५९८ मध्ये उतरले हे खरं. पण जमिनीवरच्या घरट्यातली अंडी फस्त करणारी मंडळी, म्हणजे उंदीर, डुकरं, माकडं, हीसुद्धा जहाजांतूनच उतरली होती. डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची. एवढ्या सगळ्यांना मिळून साठ-पासष्ट वर्षं लागली! तुमचा उरक पाहता ही सगळी सरकारी खात्यातली वाटतात.

तुम्ही तिथे पोचलात अठराव्या शतकात, जहाजातल्या मालाआडून. आमची माणसं तुमच्या मागून गेली. १८३४ पासून लाखो कंत्राटी मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांत रत्नागिरीकडचेही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांना पायऱ्या चढून वर नेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, सगळं वहीत उतरवून वर एक नंबर देत. त्या धक्क्याला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. त्या वह्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. बाई, तुमचं नाव कुठल्याच पानावर नाही. याला म्हणतात वशिला.

मी तुमच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते इल ओ एग्रेत या बेटावर. माएबूर गावाजवळून होडीनं थोड्याच वेळात तिथे पोचता येतं. बेट उणंपुरं २६ हेक्टरचं, सगळा प्रवाळाचा खडक. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातला आबनूस तिथे खडकाच्या फटींतून वर आला आहे. मॉरिशसच्या किनाऱ्यावरचं जुनं जंगल कसं होतं ते बघायचं तर आता इथेच यावं लागतं. १९९१ मध्ये माणसांनी या बेटावरचा एकूण एक उंदीर काढला. मग गुलाबी कबुतरं आणून सोडली. १९९० च्या सुमारास अख्ख्या मॉरिशसच्या रानात ही कबुतरं जेमतेम दहा उरली होती. आता ती काहीशे आहेत. पायात रंगीत कड्या घालून, प्रत्येकीची नोंद ठेवून, घरच्या लेकीबाळींसारखी सांभाळली आहेत. आबनुसाच्या बिया पसरवणारी मूळची कासवं केव्हाच संपली होती, म्हणून अल्डाब्रा बेटाहून आलेल्या कुळाची महाकासवं ते काम करायला ठेवली आहेत.

तिथे पायवाटेवर एक टेलफेअर सापसुरळी आली. जाडजूड, तुकतुकीत, पोपडे सुटलेल्या जुन्या पॉलिशच्या रंगाची. आमच्या बुटांमध्ये शिरून तिनं एक किडा उचलला, मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि आपल्या वाटेनं गेली. शंभरावर वर्षं ही जात फक्त राउंड आयलंड नावाच्या एका बेटावर तगून होती, कारण तिथे उंदीर कधी पोचलेच नाहीत. तिथून तिला २००६-०७ च्या सुमारास इथे आणलं. मी वाटाड्याला विचारलं, ‘‘आता या बेटावर धोका कसला उरला?’’ त्यानं तुमचं नाव घेतलं. चारचौघांत आपल्या माहेरचं नाव निघावं आणि ते असं निघावं!

उंदरांसाठी ठेवलेल्या विषाला म्हणे तुम्ही फसला नाहीत. बरोबरच आहे. तुम्ही दिसता उंदरासारख्या, पण त्या जातकुळीच्या नाहीच. तुमचं खाणं किड्यांचं आणि सापसुरळ्यांसारख्या जिवांचं. पुढे नुसत्या तुमच्यासाठी बेटभर पिंजरे लावले. तुमच्यातल्या पुष्कळ जणी सापडल्याही. सगळ्या नाही. झुडपाआड दोन उरल्या तरी पुरे असतं. मग तुमची ती प्रसिद्ध आगगाडी निघते : पुढे आई, तिच्या शेपटीच्या बुडाला तोंडात धरून पहिलं पिल्लू, त्याला धरून दुसरं, त्याला तिसरं. लहानपणी मोरीपासून परसापर्यंत जाणारी ही गाडी बघायला आम्ही एकमेकांना हाका मारायचो. त्या गाडीच्या डब्यांत काय भरलेलं असतं ते मॉरिशसवाल्यांना विचारा.

आता तुमचा खरा पराक्रम. मॉरिशसच्या उत्तरेला इल प्लात नावाचं बेट आहे. नारिंगी शेपटीची एक चिमुकली सापसुरळी जगात फक्त तिथेच उरली होती. बेटावरचे उंदीर आणि मांजरी नव्वदच्या दशकात हटवल्या होत्या, सगळं मार्गी लागलं होतं. २०१० च्या सुमारास तुम्ही तिथे उतरलात. कशा, कुणाच्या सामानातून, कुणी पाहिलं नाही. कॅटामरान भरभरून तिथे सहलीला माणसं जातात, किनाऱ्यावर मासे भाजतात. खोकी आणि पिशव्यांना काय तोटा! दीडेक वर्षात बेटावर ती सापसुरळी औषधालाही उरली नाही. शास्त्रज्ञांनी आधीच काही सापसुरळ्या शेजारच्या क्वँ द मीर बेटावर नेऊन ठेवल्या होत्या, म्हणून जात वाचली. नाहीतर कपांवर छापायला आणखी एक चित्र मिळालं असतं.

आणि हे बेट कुठलं, बाई? मजुरांच्या क्वारंटाइनचं. १८५६ साली कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर पटकी निघाली, म्हणून त्यातल्या माणसांना इल प्लातला लागून असलेल्या गॅब्रिएल बेटावर ठेवलं. निवारा नाही, पुरेसं पाणी नाही. कित्येक तिथेच मेले. त्यानंतर इल प्लातवर रीतसर क्वारंटाइन ठाणं उभं राहिलं. त्याचे पडके अवशेष आणि थडगी अजून आहेत. हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला तपासल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, यासाठी जे बेट राखलं, त्याच बेटावर हिंदुस्थानातलीच तुम्ही न तपासता उतरलात!

उंदराला आम्ही नावं ठेवतो, पण त्याच्यामागे गणपती आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे तिथेही त्याची वट आहे. मुंगूस तर १९०० च्या सुमारास उंदीर मारायला मुद्दाम नेलं. त्यानं उंदरांसोबत पक्षीही खाल्ले, पण नेमणूक रीतसर होती. तुम्हाला ना देव, ना नेमणूक. ग्वाम बेटावरसुद्धा तुम्ही १९५३ साली अशाच शिरलात आणि तिथल्या पालींना नडलात. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांची एक नावाजलेली यादी आहे. तीत उंदीर आहे, मांजर आहे, मुंगूस आहे, माकड आहे. तुम्ही नाही. इतकं करूनही!

२०२० मध्ये इल ओ एग्रेतजवळच्या खडकावर एक मालवाहू जहाज चढलं आणि हजारेक टन तेल समुद्रात सांडलं. जगभर बातमी झाली. मॉरिशसची माणसं रातोरात कापडाच्या नळ्यांत उसाचं पाचट भरून तेल अडवायला धावली, कुणी केस कापून दिले. काळं तेल डोळ्यांना दिसतं. तुम्ही पाचटाखालून जाता.

असो. तुम्हाला वाचता येत नाही आणि दिसतंही बेताचंच, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही याची मला कल्पना आहे.

कळावे, लोभ नसावा.
आपली,
एक माहेरवाली

ता. क. (हे वाचता येणाऱ्यांसाठी) : मॉरिशसच्या छोट्या बेटांवर जाणार असाल तर पिशवी आदल्या रात्री जमिनीवर उघडी ठेवू नका. होडीत चढण्यापूर्वी ती पुरती रिकामी करून, झटकून पुन्हा भरा. बुटांच्या तळव्यांतली माती आणि बिया काढा. खाऊचं खोकं न्यायचंच असेल तर झाकण घट्ट बसणारं न्या. तिथल्या माणसानं पिशवी बघायला मागितली तर ‘‘आम्ही पैसे भरून आलोय’’ असं ऐकवू नका, आमच्या गटातल्या एका काकांनी ऐकवलं तसं. मुकाट्यानं उघडून दाखवा.