पाऊण पुरुष पाणी

पूर्वी शेतघर घेतलं की आधी कलमं लागायची, मग ओटीवर झोपाळा यायचा. आता सातबाऱ्यावर नाव चढायच्या आत तलावाचा आकार ठरतो. आमच्या साडूंनी कर्जतकडे जमीन घेतली आणि घराचा पाया खणायच्या आधीच त्यांच्या टेबलावर तलावांची तीन कोटेशनं येऊन पडली.

पहिलं आरसीसीचं. हवा तो आकार, हव्या त्या टाइल्स, आयुष्य भरपूर. मात्र महिनोन्‌महिने अंगणात गवंडी आणि वॉटरप्रूफिंगवाल्याशी जन्माचा ऋणानुबंध. दुसरं फायबरग्लासचं. हा तलाव कारखान्यातून अख्खा येतो. भिंती गुळगुळीत, शेवाळ कमी धरतं, कामही झटपट. फक्त आठ मीटर लांबीचं ते धूड येतं ट्रेलरवरून, आणि साडूंच्या प्लॉटच्या वाटेवर समोरून बैलगाडी आली तरी कुणाला तरी मागे सरावं लागतं. तिसरं व्हिनाइल लायनरचं, त्यातल्या त्यात स्वस्त. पण दहाएक वर्षांनी अस्तर बदलायचं, आणि तोवर कुत्र्याच्या नखांपासून ते जपायचं. साडूंकडे लॅब्रॅडॉर आहे. म्हणजे पाण्यात पहिला कोण उतरणार, हे सांगायला नको.

थोरल्या भाच्याला इन्फिनिटी हवा. त्यात काठावरून सांडणारं पाणी खालच्या टाकीत जमतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. थोडक्यात दोन तलावांचा खर्च, आणि वीज गेली की अनंताचा अंत. धाकट्याला गच्चीवरच पोहायचंय. मीटरभर खोल पाण्याचं वजन चौरस मीटरला 1 टन भरतं, आणि घराचा स्लॅब साधारण 200 किलोंचा भार धरून बांधतात, हे ऐकल्यावर दिवाणखान्यात बसणाऱ्यांनी तो बेत हाणून पाडला.

कोटेशनमध्ये न लिहिलेल्या गोष्टी वेगळ्याच. आठ बाय चार मीटर, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे 40,000 लिटर पाणी. दहा हजारांचे चार टँकर. मे महिन्यात ते फाटकातून आत शिरताना हंडा घेऊन उभी असलेली वाडीवरची बाई काय म्हणेल, त्यावर जीएसटी लागत नाही. बरं, पावसाळ्यात कोण पोहतंय म्हणून तलाव रिकामा करावा, तर भूजल वर येतं आणि रिकामं फायबरग्लासचं भांडं खालून उचलून धरतं! शिवाय पाण्याचा पीएच 7.2 ते 7.8 च्या दरम्यान राखायचा. पाहुणे नाक वर करून ‘वा, क्लोरीनचा वास येतोय, पाणी स्वच्छ दिसतंय’ म्हणतात. खरं तर तो उग्र वास येतो क्लोरीनची घामाशी आणि (कसं सांगावं) मुलांच्या आळसाशी गाठ पडली की.

या सगळ्यात नेमका प्रश्न विचारला सासूबाईंनी. पाठीला डबा बांधून त्या गावच्या विहिरीत पोहायला शिकल्या.

“जावईबापू, पाणी किती पुरुष?”

“चार फूट.”

“म्हणजे पाऊण पुरुष. मग मुटका कुठे मारायचा?”

साडू गप्प. कारण त्या घरात पोहता येतं एकट्या सासूबाईंना. बाकीची मंडळी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढणार, आणि भूक लागली म्हणून बाहेर येणार.

माझं मत विचाराल तर उभंच राहायचं असेल तिथे तीन बाय दोन मीटरचा लहानसा प्लंज पूल बास. चार फूट भरला तरी एका टँकरमध्ये काम भागतं, आणि वर झाकण घातलं की पाणी उडत नाही, पाचोळा पडत नाही, बेडूकही मुक्कामाला येत नाहीत. पोरं लहान असतील तर त्या झाकणाला कुलूप हवंच. आणि ज्यांना खरोखर हातपाय मारायचेत, त्यांनी सरळ महापालिकेच्या तलावाचा पास काढावा. तिथे पीएच बघायला पगारी माणूस असतो.