चहा वर्ज्य असलेली गाडी

खारदांड्यात इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. होड्यांची शिडं जाऊन डिझेल इंजिनं आली त्याला आता पिढ्या लोटल्या. जेटीवर बसलेला म्हातारासुद्धा नुसत्या आवाजावरून होडी कुणाची आणि तिच्या इंजिनाचं काय दुखतंय हे सांगतो. अशा गावात नव्वदच्या दशकात एका नाखव्याने सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी आणली. ती कधी एका चावीत सुरू व्हायची, तर कधी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला तरी हूं की चूं करायची नाही. सल्ल्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो फक्त गाडीचा.

पहिला आळ बॅटरीवर आला. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार चढलेला होताच. गरम पाणी ओतून तो काढला, वर ग्रीस फासलं. आठवडा बरा गेला. मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासले, सीबी पॉइंटची गॅप लावली, कंडेन्सर बदलला, पेट्रोलच्या टाकीत कचरा आहे म्हणून टाकी उतरवली. दर वेळी गाडी काही दिवस गुणाने वागायची आणि दर वेळी कुणीतरी कॉलर ताठ करायचा.

गॅरेजात नेली की मात्र ती आदर्श. मेकॅनिक चावी फिरवायचा, चारही सिलिंडर लगेच बोलू लागायचे आणि तो नाखव्याकडे पाहायचा. त्या पाहण्यात ‘तुम्हाला चालवता येत नाही’ हे सगळं होतं. कायम बिघडलेली गाडी परवडली. अधूनमधून बिघडणारी गाडी मालकालाच खोटं पाडते.

नाखव्याचं स्वतःचं निदान पहिल्या दिवसापासून एकच होतं : “लायनीत हवा धरलीय.”

होडीवर आयुष्य गेलेल्या माणसाचं हे निदान होतं, आणि होडीपुरतं ते शंभर टक्के बरोबर होतं. डिझेलच्या पाइपात हवा शिरली की पंप ती हवाच दाबत बसतो, नोझलला दाब मिळत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. मग नट सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची. आयटीआय केलेला भाचा यावर हसायचा. “मामा, ही पेट्रोलची गाडी. हिला ठिणगी लागते, होडीला नाही. होडीचं हिला लावू नका.”

चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा आली. यात्रेला गाडी न्यायची नाही तर घेतली कशाला? पुढे नाखवा आणि भाचा, मागे नाखवीण, आजी आणि पोरं, डिकीत कपड्यांचं गाठोडं आणि बर्फात घातलेल्या कोळंबीचा थर्माकोलचा डबा. वेहेरगावात उतरल्यावर बाहेरचं गिळायचं नाही, हा आजीचा नियम.

शीवजवळून जाताना नाखव्याने कुर्ल्याच्या दिशेने हात केला. गाडीचं माहेर तिथलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला. इटलीतल्या फियाट ११०० चं हे भारतीय रूप, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. माहेराजवळून जाताना गाडी एकदाही अडखळली नाही.

वाशीची खाडी ओलांडून पनवेलला नाखविणीच्या बहिणीकडे जेवण झालं. जेवण म्हणजे कोळ्यांचं जेवण, दोन तास सहज गेले. उन्हात उभी असलेली गाडी एका चावीत सुरू झाली. पुढे पेट्रोल भरलं, पाचच मिनिटं इंजिन बंद होतं. तरी एका चावीत सुरू.

खोपोलीला घाटाआधी चहा-वडा घ्यायला थांबले. पंधरा-वीस मिनिटं. परतून चावी फिरवली, तर सेल्फ नुसताच कुंथतोय. भाच्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. प्लगची वायर काढून टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं, नाखव्याला सेल्फ मारायला लावला. निळी, टणक ठिणगी. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर निर्दोष. चोक ओढून पाहिला, तर उलट पेट्रोलचा वास सुटला. टपरीवरच्या चौघांनी धक्का मारला, एकाने टायरला लाथ घातली, आजीने आईला हाक दिली. या वादावादीत बराच वेळ गेला आणि गाडी सुरू झाली. श्रेय लाथेला द्यायचं की देवीला, यावर घाटाच्या पायथ्यापर्यंत चर्चा चालली.

बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी चालत्या गाडीतूनच नाणं टाकलं. इंग्रजांना या डोंगरातून वाट दाखवली त्या धनगराचं हे देऊळ, असं सांगतात. गाडी थांबवायची कुणाची छाती नव्हती. पण रेडिएटरला देवधर्म कळत नाही. खंडाळ्याला वाफ निघू लागली, थांबणं भाग पडलं. इंजिन निवेपर्यंत समोरच्या टपरीवर पुन्हा चहा. आणि पुन्हा गाडीने तोंड फिरवलं.

तेव्हा आजीने निकाल दिला. “जेवलो तवा चालू झाली. पेट्रोल घेतला तवा झाली. चा घेतला की बंद. हिला चा चालत नाय.”

सगळे हसले, भाचा मात्र हसायचा थांबला. अमेरिकेत एक गोष्ट सांगतात : एका गृहस्थाची पॉन्टियॅक गाडी व्हॅनिला आइस्क्रीम आणलं की सुरू होत नसे, दुसरं कुठलंही आणलं की होत असे. व्हॅनिला दुकानात दर्शनीच ठेवलेलं, म्हणून काम पटकन उरके आणि इंजिनाला निवायला वेळ मिळत नसे. गोष्ट खरी की रचलेली, हे सोडा. आजीने ती न ऐकताच मांडली होती. गॅरेजात सगळ्यांनी ‘काय बिघडलंय’ एवढंच विचारलं होतं. ‘केव्हा’ हे चहाच्या निमित्ताने तिनेच विचारलं.

धावतं इंजिन पंख्याने, पाण्याने आणि समोरच्या वाऱ्याने थंड राहतं. बंद केलं की हे तिन्ही एकदम थांबतात, पण लोखंडात साठलेली उष्णता कुठे जाणार? ती बॉनेटखाली पसरते. म्हणून बंद गाडीतला पेट्रोलपंप पहिली पंधरा-वीस मिनिटं थंड होण्याऐवजी तापत जातो. पाच मिनिटांत तो पुरता तापलेला नसतो, दोन तासांत निवून गेलेला असतो. चहाची वेळ नेमकी मधली. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. त्यात पद्मिनीचा पंप इंजिनालाच चिकटवलेला, टाकी मागे. पंप पेट्रोल ओढून घेतो, ओढताना पाइपातला दाब कमी होतो आणि उकळणं आणखी सोपं होतं. वर घाट. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, तिथे हवेचाही दाब कमी. चैत्राचं ऊन वेगळंच.

भाच्याने कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडून तोंडाशी बाटली धरली. सेल्फ मारल्यावर त्यातून धार आली नाही, फेस आला. थुंकी टाकावी तसे दोन थेंब, मग बुडबुडे, मग काहीच नाही.

नाखवा खाली वाकून बघत होता. “हवा,” तो म्हणाला.

“हवा नाही मामा, पेट्रोलची वाफ आहे.”

“लायनीत हाय ना?”

यावर आयटीआयकडे उत्तर नव्हतं.

उपाय डिकीत होता. बर्फाचं पाणी तापलेल्या लोखंडावर थेट ओतलं तर तडा जायचा, म्हणून ओला फडका हवा. फडका कुठला? गाठोड्यात नाखव्याचा यात्रेसाठी आणलेला चौकड्यांचा नवा रुमाल होता. कोळ्याचा रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कमरेचा. तो कोळंबीच्या बर्फात बुडवून पंपाला गुंडाळला. दोन पोरांनी वर बर्फाचे खडे धरले. थोड्याच वेळात गाडी सुरू झाली आणि नाखवा एकवीरेपुढे पँटीत उभा राहिला.

मुंबईच्या कित्येक टॅक्सीवाल्यांना हा ओल्या फडक्याचा इलाज तोंडपाठ होता. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी दाबाने पुढे ढकलतो, म्हणून हे दुखणं जवळपास संपलं. त्या गाड्याही गरम असताना अडून बसतात, पण तिथे तापून गप्प झालेला क्रँक सेन्सर निघतो, नाहीतर गळका इंजेक्टर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

दांड्याला परतल्यावर रुमाल पंपावरच राहिला. कोळंबीचं पाणी प्यालेला, इंजिनाच्या धगीवर परतीचा घाटभर शिजलेला. सकाळी आळीतली सगळी मांजरं बॉनेटवर जमली होती, एक खालून आत शिरू बघत होतं. कोपऱ्यावरच्या शेजाऱ्याने थांबून, नीट निरखून निदान केलं : “नाखवा, एवढे दिवस गाडी का सुरू होत नव्हती, कळला ना आता?”