चार किलोची भानगड

"आक्का, तुमचा नातू सकाळच्या पारी अंगणात काय धपाधपा करायलाय? मला वाटलं भिंतच पडायली."

"बैठका काढायलाय. पुण्याला तालमीत जायचं म्हणतोय. राहुल आवारे व्हायचंय त्याला."

"म्हंजे आपल्या पाटोद्याचा? फौजदार झालेला?"

"फौजदार नव्हं वो, डीवायएसपी! असं काही नातवासमोर बोलू नका, तुमच्यावरच डाव टाकील."

वहिनींनी भिंतीवर वाळत घातलेल्या मिरच्या कोपरानं बाजूला सारल्या. आता किमान अर्धा तास, हे मला खिडकीतूनच कळलं.

"माझा जावई अमेरिकेतून व्हिडिओ धाडतो, आक्का. हेल्मेट घातलेले दांडगे गडी, अन् त्याला म्हणे फुटबॉल. लाइनबॅकर म्हणून एक असतो, समोरच्याला धरून आडवं करायचं एवढंच त्याचं काम. त्याचे करोडो मिळत्यात."

"मग अमेरिकेचा गडी तर राहुलनंबी आडवा केला की! 2019 ला नूर-सुलतानला, जागतिक कुस्तीत. टायलर ग्राफ त्याचं नाव. 11-4. कांस्यपदक आणलं."

"एवढं तोंडपाठ?"

"नातू रोज म्हणतोय, कानावर पडतंय. बाप बाळासाहेब पैलवानच. पोरगं पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार वस्तादांच्या हाताखाली गेलं. रुस्तम-ए-हिंद ते, लातूरकडचे. 2011 ला वस्ताद गेले, मग काका पवारांनी सांभाळलं. तेबी लातूरकडचेच."

"म्हंजे पोरगं बीडचं, वस्ताद लातूरचे अन् नाव पुण्याचं!"

(हे वहिनींचं जुनं दुखणं. पण खोटं कसं म्हणावं?)

"मग ऑलिंपिकला का नाही गेला, आक्का?"

"तीच तर भानगड. 2016 ला रिओला 57 किलोत संदीप तोमर गेला, हा मागं राहिला. दुसरा असता तर लंगोट खुंटीला टांगला असता. ह्यानं 2018 ला गोल्ड कोस्टला, राष्ट्रकुलात, त्याच 57 मध्ये सोनं आणलं. सेमीला पाकिस्तानचा बिलाल, फायनलला कॅनडाचा ताकाहाशी, 15-7!"

"मग टोकियोला तरी?"

"तवर 57 ला रवी दहिया आला. म्हणून नूर-सुलतानला हा 61 ला खेळला. दोघांनीबी कांस्य घेतलं, पण रवीला त्याच्यावर टोकियोचं तिकीट मिळालं, पुढं तिथं रौप्यबी. ह्याला नाही."

"का बरं?"

"61 किलो ऑलिंपिकात नाहीच! 57 झालं की एकदम 65."

"मग 65 ला जायचं."

"तिथं बजरंग पुनिया बसलेला!"

"आगं माय माय! खाली रवी, वर बजरंग, अन् मधल्याला गटच नाही."

"चार किलो, वहिनी. दिवाळीला आपण तेवढे लाडूच करतो. 2020 ला अर्जुन पुरस्कार दिला सरकारनं, वर्दीबी दिली. पण आवारेंच्या पोराचं ऑलिंपिक ह्या चार किलोत अडकलं, असं मपलं मत. नातवाला पटत नाही. तो म्हणतो, सारं राजकारण."

राजकारण म्हटल्यावर वहिनी आणखी पुढं वाकल्या, पण आक्का त्या वाटेला गेल्या नाहीत.

"बरं, तुमचा नातू किती किलोचा?"

"कालच काटा केला. एकसष्ट."

"आक्का! तूप बंद तरी करा, न्हाईतर दुप्पट तरी घाला!"

"दुप्पटच घालते. म्हशीचा हप्ता त्याचा बाप भरतोय."