हसरा वायू, रडवं इंजिन

आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांच्या हॅचबॅकला आधी मोठा टर्बो बसला. मग तक्रार सुरू झाली, की टर्बो उशिरा जागा होतो. हे दुपारी एक ते चार झोपणाऱ्या पुण्यात! उपाय म्हणून आता डिकीत स्टेपनीच्या जागी नायट्रस ऑक्साइडची निळी बाटली आली आहे.

शास्त्र पक्कं आहे. इंजिनाच्या उष्णतेत हा वायू फुटतो, जादा ऑक्सिजन देतो. जादा पेट्रोल जळतं आणि टर्बोची डुलकी मोडते. फक्त पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टनलाच भोक पडतं. १७९९ मध्ये हम्फ्री डेव्हीने हाच वायू हुंगला, तेव्हा तो स्वतः हसला होता. इथे गॅरेजवाला हसतो.

या बाटलीचं बटण दाबायला मोकळा रस्ता लागतो. परवा पहाटे पाचला तो मिळाला. एक, दोन... आणि समोर रंग न मारलेला स्पीडब्रेकर! बोट बटणावर, पाय ब्रेकवर. शेजारून एक डबलसीट स्कूटर संथपणे पुढे गेली. मागे बसलेल्या आजी, फुलांची पिशवी सावरत, चिरंजीवांकडे बघून हसल्या.

वायूशिवाय.