पगार आला, हे ओळखावे कसे

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो नावाची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी बारीक लहर येते, ती या भुजांना कळणार. प्रोटॉनच्या जाडीचा हजारावा भाग, एवढा फरकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही म्हणतात. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. आम्हाला अभिमान आहे. फक्त संजय गांधी निराधार योजनेचा पैसा खात्यावर पडला की नाही, हे सांगणारं यंत्र या जिल्ह्यात अजून कुणी बसवलेलं नाही. ते काम आम्ही हाताने करतो. माझ्यापुरतं सांगायचं तर एका पायाने आणि एका कुबडीने.

बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणातून जमलेलं हे ज्ञान नव्या लाभार्थ्यांच्या हाती द्यावं, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी शब्द. कागदावर याला ‘अनुदान’ म्हणतात, गावात ‘पगार’. गावाचं बरोबर आहे. पगार कामाचा असतो, आणि हा मिळवायला महिनाभर काम करावं लागतं. काम एकच : तो आला का, हे बघत राहणे.

पात्रतेचं थोडक्यात, दिव्यांगांपुरतं. अपंगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास. ३९ टक्के अपंगत्व असलेला माणूस शासनाच्या दृष्टीने धडधाकट असतो. त्याने हा लेख इथेच सोडून शेतात जावं.

योजना १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. रक्कम बरीच वर्षं ६०० वर होती. २०१९ला १००० झाली, २०२३ला १५००. २०२५च्या जूनमध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले; त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिना ६००० ही एक होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ऑक्टोबरपासून २५०० करायचं ठरवलं. इथे नवशिक्याने एक बारकावा टिपून ठेवावा. रक्कम वाढल्याची तारीख पेपरात छापून येते. रक्कम येण्याची तारीख कुठेही छापून येत नाही. आणि वाढलेले हजार रुपये खात्यात दिसण्याच्या आधी किराणा दुकानदाराच्या वहीत दिसतात, कारण पेपर तोही वाचतो.

आता मूळ विद्या. लायगोवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास गोंगाटाचा होतो. ट्रक गेला, वारा सुटला, की यंत्राला वाटतं लहर आली. आपलंही तेच. मोबाईल वाजला म्हणून लगेच उठू नये. आधी रक्कम ऐकावी. २००० असेल तर तो शेतकऱ्याच्या नावाने येणारा हप्ता, पीएम किसान नाहीतर नमोचा. सातबारा भावाच्या नावावर असेल तर तो मेसेज भावाचा आणि फोन तुमच्या हातात चुकून आलेला. १५०० असतील तर मंडळींचा लाडक्या बहिणीचा हप्ता. तो हप्ता येणार असला की मंत्री स्वतः आदल्या दिवशी मोबाईलवर सांगतात, सगळ्या गावाला कळतं. निराधाराचा पगार मात्र जावयासारखा न कळवता येतो, आणि न कळवता राहूनही जातो. नुसते ३०० आले तर घाबरू नये. ज्यांचं अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त आणि घर दारिद्र्यरेषेखाली, त्यांच्या पगारात ३०० केंद्राचे असतात, बाकीचे राज्याचे. दोघं एका गाडीने येतीलच असं नाही. दिल्ली आधी पोचली म्हणून मुंबई मागोमाग असेल, असा हिशेब करून तेलाचा डबा आणू नये. मी आणला होता.

लायगोचा दुसरा नियम : एका यंत्राला कळलं तर ते सहसा खरं धरत नाहीत. अमेरिकेत दोन ठिकाणी यंत्रं आहेत, दोन्हीकडे तीच लहर दिसली की खात्री होते. १४ सप्टेंबर २०१५ला पहिली लहर अशीच पकडली. ती १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. (मुंबई ते हिंगोली अंतर पाच-सहाशे किलोमीटर आहे, एवढंच नमूद करतो.) म्हणून शेजाऱ्याला आला म्हणून आपल्याला आला असं धरू नये. सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून सुटतो. एकाच ओट्यावर बसणाऱ्या तिघांचे पैसे तीन वेगळ्या नळांतून येतात, आणि एका नळाला पाणी सुटलं तरी बाकीचे दोन कोरडे राहू शकतात. यावरून आमच्याकडे भांडणं झालीत. ‘तुझा आला, माझा कसा नाही?’ या प्रश्नाचं उत्तर अर्थसंकल्पात आहे, ओट्यावर नाही.

ऋतुमानाचंही शास्त्र आहे. मार्च एंडला तिजोरी घाईत असते, एप्रिलमध्ये झोपेत. नवं आर्थिक वर्ष लागलं की निधी वरून सुटायचा, वाटप व्हायचं, देयक व्हायचं. तोवर आपल्याकडे हळद शिजवून, वाळवून मोंढ्यावर गेलेली असते. हळदीचा भाव रोज सकाळी कळतो. पगाराचा महिना संपल्यावरही कळत नाही. दोन-तीन महिन्यांचे एकदम आले तर लॉटरी लागल्यासारखं वाटतं. ते आपलेच जुने पैसे आहेत हे दुकानदार लगेच आठवण करून देतो.

पूर्वी बरं होतं. तहसीलमधून यादी बँकेत जायची, तेव्हा ‘यादी गेली का वो?’ असं विचारायला एक माणूस तरी होता. डिसेंबर २०२४पासून पैसे डीबीटी पोर्टलने थेट आधारच्या खात्यावर येतात. थेट म्हणजे मधलं कुणी नाही. म्हणजे विचारायलाही कुणी नाही. आणि आधारचं खातं म्हणजे पासबुक असलेलं खातं, असा समज असेल तर तो सोडा. आधार ज्या बँकेला शेवटी जोडलं, पैसा तिकडे जातो. माझा पगार चार महिने आला नाही. पाचव्या महिन्यात कळलं, की तो दर वेळी वेळेवर येत होता. सिमकार्ड घेताना पोराने अंगठा लावायला सांगितला, तेव्हा उघडलेल्या कुठल्याशा खात्यात गुपचूप जमा होत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी बचत झाली.

अंगठ्यावरून आठवलं. बँक मित्राकडे जाताना अंगठा तयार करून न्यावा. हळद काढलेला, वेचलेला हात मशीनला हात वाटत नाही. कुणी केसांवर घासतं, कुणी धोतराला पुसतं, एक मावशी थुंकी लावतात. यांतलं नेमकं कशाने चालतं ते मशीनलाही ठाऊक नसावं. नंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला. समोर उभं राहून ‘मी आहे’ म्हटल्याने भागत नाही, तसं लिहिलेलं लागतं. नागनाथाचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं, असं आमच्याकडे सांगतात. तसा विश्वास ठेवून मी एका खिडकीसमोर दीड तास उभा होतो. आतली खुर्ची फिरली नाही. जेवणाची सुट्टी झाली.

तरीही एक उपकरण मी सर्वांत भरवशाचं मानतो : किराणा दुकानदाराचा चेहरा. पगार येण्याच्या दोन दिवस आधी तो ‘या मामा, बसा’ म्हणतो. पगार लांबणार असला की साखर संपलेली असते. गेल्या महिन्यात त्याने पोराला घरी पाठवलं, ‘मामा, बाबांनी बोलावलंय.’ मी कुबडी उचलली आणि आधी बँक मित्राकडे गेलो. पुढे अकरा जण होते. अंगठा चौथ्यांदा लागला. शिल्लक २१२ रुपये. मला काही वाटलं नाही. दुकानदाराला वाईट वाटलं, त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

त्या रात्री पावणेबाराला मोबाईल वाजला. नियम मोडून मी उठलो, चष्मा शोधला, पोराला उठवून वाचायला लावलं. रिचार्जची मुदत उद्या संपत होती. ते संपलं तर पगाराचा मेसेज येणार नाही, म्हणून सकाळी दुकानात जाऊन मारून घेतलं. दुकानदाराने वही काढली.